बालबाजार भरवायचाय? आधी सुट्टे आणा

सुट्टे पैसे. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढं वहीत लिहून घ्या आणि कामाला लागा. पाचवी ते सातवीच्या मुलांचा बालबाजार, म्हणजे शाळेतच मुलांनी दुकानं मांडून खरी विक्री करायचा बाजार, मी पहिल्यांदा भरवला तेव्हा सगळं होतं. मंडप होता, फक्कीच्या रेघा होत्या, फलकावर रांगोळीसारखं अक्षर होतं, पाहुण्यांना नारळ होता. मोड नव्हती. नऊ वाजता बाजार उघडला आणि सव्वानऊला चौदाच्या चौदा दुकानांवर एकच वाक्य ऐकू येत होतं, "बाई, सुट्टे नाहीत." पालक एटीएममधून काढलेली पाचशेची नोट घेऊन आले होते आणि समोर बारा रुपयांची मेथी होती.

सरपंचांनी पाचशेची नोट दिली, पाच मिनिटं वाट पाहिली, "राहू दे गं बाळा" म्हणाले आणि गेले. पोरीने इमानदारीत हिशेब लिहिला: जुडीची खरेदी १० रुपये, विक्री ५०० रुपये, नफा ४९० रुपये, शेकडा नफा ४९००. गणित बरोबर होतं. मी वहीवर खूण करू की नको, या विचारात बराच वेळ बसले होते.

म्हणून ही यादी.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली घ्या. भाजी स्वस्त असते, बोरं, हरभरा, ऊस, गाजर सगळं घरचं असतं, आणि मुलांना विकायला फारसं विकत आणावं लागत नाही. सकाळच्या शाळेचा शनिवार उत्तम. गावचा आठवडी बाजार ज्या वारी असतो तो वार टाळा, नाहीतर तुमचे गिऱ्हाईक तिकडे आणि मुलांचे आईबापही तिकडेच. मुख्याध्यापकांची परवानगी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ओळीचा ठराव, पालकांना चिठ्ठी. चिठ्ठीत शेवटची ओळ ठळक हवी: येताना सुट्टे आणा. ही ओळ दोनदा लिहिली तरी निम्मे पालक पाचशेच आणतात, त्यामुळे चिठ्ठीवर विसंबू नका.

आता सुट्टे कुठून आणायचे. बँकेत आठ दिवस आधी जाऊन सांगा. आदल्या दिवशी गेलात तर "मॅडम, सोमवारी या" ऐकाल, आणि बाजार शनिवारी असतो. बँकेवर सगळा भार टाकू नका. किराणावाला, पिठाची गिरणी, दूध डेअरी, पानटपरी या चार ठिकाणी आठवडाभर थोडी थोडी मोड बाजूला ठेवायला सांगा. सगळ्यात मोठा साठा देवळात असतो. दानपेटी केव्हा उघडतात ते पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना विचारा. नाणी मोजून कोणीतरी न्यावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा असते. मोजायला सातवीची चार मुलं घेऊन जा, दहा-दहाच्या चवडी लावून मोजू द्या. माझ्या दृष्टीने बाजारातला सगळ्यात चांगला तास तोच होता आणि तो बाजाराच्या तीन दिवस आधी झाला.

किती आणायचे? अंदाजाने नाही, मोजून. माझ्याकडे चौतीस मुलं, दोघातिघांचे चौदा गट. प्रत्येक गटाच्या पिशवीत २०० रुपयांची मोड: विसाच्या तीन नोटा, दहाचे नऊ, पाचाची दहा नाणी. चौदा पिशव्यांचे झाले २८०० रुपये, त्यात पाचाची नाणी १४० आणि दहाचे १२६. हे आकडे पाहून घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. पहिल्याच गिऱ्हाइकाने शंभराची नोट देऊन पंधराची भेळ घेतली की पंच्याऐंशी परत द्यायचे. तिन्ही विसाच्या नोटा, दोन दहा आणि एक पाच गेले. एका भेळेत पिशवीचं कंबरडं मोडतं.

म्हणून दारातच एक टेबल टाका आणि त्यावर 'बँक' अशी पाटी लावा. तिथे शंभराच्या चाळीस आणि पन्नासाच्या वीस नोटा, म्हणजे पाच हजार रुपये. सातवीची दोन हिशेबी मुलं आणि त्यांच्या मागे एक शिक्षक. पाचशेची नोट दुकानावर चालणार नाही, आधी बँकेत मोडायची; चार शंभर, दोन पन्नास. नियम गोड आवाजात सांगा, पण सरपंचांनाही सांगा. दहा नोटा मोडल्या की बँक रिकामी, हे लक्षात ठेवून अर्ध्या वेळात एक चपळ मूल दुकानादुकानांत पाठवा. दुकानांवर साचलेल्या शंभराच्या नोटा गोळा करून आणायच्या आणि बदल्यात पाचशेची नोट द्यायची. ज्या दुकानाचे दहा-पाच संपलेत त्याला ज्याच्याकडे साचलेत त्याच्याकडून मिळवून द्यायचे. या मुलाला आम्ही 'मोडवाला' म्हणतो. ते काम वर्गातल्या सगळ्यात वळवळ्या मुलाला द्या. एका जागी बसवलंत तर तोच बाजार उधळेल.

हे सगळे मिळून ७८०० रुपये झाले. शिक्षकांनी वाटून घातले, कागदावर सह्या केल्या, संध्याकाळी परत घेतले. शाळेच्या खात्यातून काढायच्या भानगडीत मी पडत नाही.

दहाच्या नाण्याबद्दल एक. आमच्या भागात अजून काही जण ते घेत नाहीत, "चालत नाही" म्हणतात. मागच्या बाजारात एका आजोबांनी मुलाच्या हातातून आलेलं नाणं परत टेबलावर टाकलं आणि पोरगं रडवेलं झालं. रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केलंय की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. हे मुलांना आधी वाचून दाखवा, वर्गात मिळतील तेवढे वेगवेगळे नमुने जमवायला लावा, रुपयाचं चिन्ह असलेलं कोणतं आणि नसलेलं कोणतं ते बघू द्या. दुकानावर चिठ्ठी लावा: येथे दहाचे नाणे घेतो व देतो.

"कूपन का काढत नाही?" हे मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. एका टेबलावर पैसे घ्या, पाच-पाचची कूपनं द्या, मोडीची कटकट संपली. संपली, आणि बाजारही संपला. मोड परत देणं हेच तर शिकवायचंय. क्यूआर कोडचंही तेच, शिवाय तो कोणाच्या खात्याचा लावणार? एका सरांनी स्वतःचा लावला होता, मग कोणत्या दुकानाचे किती हे शोधायला रविवार गेला.

मोड देण्याचा सराव मात्र आठवडाभर आधी घ्या. मुलांना वजाबाकी येते म्हणजे मोड देता येते, हा आपला गैरसमज. शंभरातून पंधरा वजा करायला सांगितलं की ती मनात हातचे घेत बसतात आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर जातं. दुकानदार वजाबाकी करत नाही, तो वर चढतो: पंधरा झाले, हे पाच, वीस, हे तीस, हे पन्नास, हे शंभर. एक-एक नोट हातावर ठेवत मोठ्याने म्हणायचं. पुठ्ठ्याच्या नोटा करून रोज दहा मिनिटं हा खेळ घ्या, अर्धा वर्ग गिऱ्हाईक, अर्धा दुकानदार. तिसऱ्या दिवशी जी मुलं फळ्यावर कधी उठत नाहीत ती सगळ्यात वेगाने मोड देताना दिसतात. त्यांच्या घरी टपरी असते किंवा आई बाजारात बसते, आणि आपल्याला ते वर्षभर माहीत नसतं.

आणि भाव पाचाच्या पटीत ठेवा. पहिल्या वर्षी ते न ठेवण्याचा गाढवपणा माझा होता. सहावीला शेकडेवारी आणि नफा-तोटा आहे, म्हणून मी हौसेने सांगितलं की खरेदी किमतीवर वीस टक्के नफा धरून भाव काढा. दहाची जुडी बारा, पंधराच्या शेंगा अठरा, पाचाची बोरं सहा. वहीत छान दिसतं. बाजारात एक-दोनची नाणी शेकड्यांनी लागली असती, आणि माझ्याकडे तर दहाही नव्हते. आता भाव आधी ठरतो, ५, १०, १५, २०, आणि टक्के नंतर काढतो. गणित तेच राहतं आणि मोड निम्म्याने लागते. लागते मात्र नक्की. पाचाच्या पटीत भाव ठेवले म्हणून सुट्टे आणायचे विसरू नका.

गट चिठ्ठ्या टाकून पाडा. मैत्रीवर सोडलंत तर कोण एकटं उरतं ते मला सांगायला लावू नका. एक विकणारा, एक हिशेब लिहिणारा, तिसरा असेल तर हाका मारणारा, तासाने अदलाबदल. भांडवल गटामागे शंभर रुपये शाळेनेच द्या, सगळ्यांना सारखे. "घरून आणा" म्हटलं की दोन-तीन मुलं त्या शनिवारी आजारी पडतात. शंभरही वहीत लिहून, सही घेऊन द्यायचे. मोडीचे दोनशे वेगळे आणि भांडवलाचे शंभर वेगळे, दोन्ही एका पिशवीत टाकू देऊ नका. भांडवल खरेदीला, मोड गल्ल्याला.

माल काय? भाजी, फळं, घरचे लाडू-चिक्की, भेळ, ताक. शेगडी, गॅस, तळण काही नाही. एकाने तळायला घेतलं की सगळ्यांना तळायचं असतं. वडे हवेत तर घरून करून आणा. खाण्याचं वर्तमानपत्रात बांधून द्यायचं नाही, शाई पोटात जाते. पळसाचे द्रोण आणि पत्रावळी मुलंच करतात, कार्यानुभवाचा तास त्यातच जातो. वजनाचा तराजू एखादाच मिळतो, म्हणून भाजी जुडीने किंवा वाटे लावून विका. एका दुकानावर मुद्दाम तराजू द्या, एकावर मापटं-चिपटं द्या, आजीबायका तिथे थांबतात आणि मुलांना शेराची गोष्ट सांगतात. तेवढ्यात रांग लागते, लागू द्या.

दुकानं सावलीत, दोन रांगा समोरासमोर, मध्ये दोन बैलगाड्या जातील एवढी वाट. माझी पहिली रांग भिंतीला लागून होती, मागून कोणाला जाता येत नव्हतं, त्यामुळे मुलं टेबलाखालून ये-जा करत होती आणि ताकाची कळशी एकदा सांडली. पाण्याचा पिंप, कचऱ्याला दोन पोती. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी सांगा, कारण भेळ खाल्लेली मुलं खिचडी खात नाहीत आणि पातेलंभर उरते. पाहुण्यांचं भाषण बाजार उघडण्याआधी, पाच मिनिटं. बाजार चालू असताना माईक कोणाच्याही हातात देऊ नका.

आदल्या संध्याकाळी चौदा पिशव्या भरून, मोजून, नाव घालून कपाटात. पिशवीवर '२०० मोड' असं लिहा. मी आता हे स्वतः करते, दुसऱ्यावर सोपवत नाही. झोपायच्या आधी कपाटाची किल्ली कुठे आहे तेही बघते. हसू नका, एका वर्षी पिशव्या होत्या आणि किल्ली सरांच्या खिशात, सर तालुक्याला.

बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकानावर जाऊन मुलाच्या वतीने मोड देऊ नका. चुकू द्या. दहा रुपये जास्त गेले तर तो तोटा वहीत लिहायचा, शिक्षकाने खिशातून भरायचा नाही. उधारी बंद. "नंतर देतो" म्हणणारे काका गोड असतात, पण नंतर देत नाहीत.

अकराला घंटा. सामान नंतर, आधी पैसे. गल्ल्यातून पहिले २०० बाहेर काढायचे, मग भांडवलाचे १००, मग जे उरेल तो नफा. मागच्या वर्षी चार गटांनी मोडीसकट सगळंच नफ्यात धरलं आणि घरी जाऊन सांगितलं की आम्ही तीनशे कमावले. सोमवारी ती माघार घेताना काय झालं ते विचारू नका. हिशेब त्याच दिवशी, त्याच जागी, हात भेळेचे असले तरी. शेकडा नफा सोमवारी वर्गात, स्तंभालेख मंगळवारी, बाजारात काय काय झालं ते भाषेच्या तासाला लिहितील. नफा मुलांचा, ज्याचा त्याला वाटून. झाडलोट सगळ्यांनी. फोटो एक-दोन पुरे.

राहिली ती नाणी. ती सगळी बँकेत परत घेऊन जाऊ नका, खिडकीवर मोजायला तास लागतो आणि मागची रांग तुमच्याकडे बघते. किराणावाल्याकडे न्या, तो नोटा देऊन टाकेल. निघताना त्याला पुढच्या वर्षीची तारीखही सांगून ठेवा.