विंडोज-लिनक्स एकाच लॅपटॉपवर: डी ड्राइव्ह 'रीड-ओन्ली' का होतो?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची पोरं बीसीए नाहीतर इंजिनिअरिंगला लागली की विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घेतात. टाकणं सोपं आहे. पुढे एकच तक्रार घेऊन येतात: "दादा, लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही." फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम', म्हणजे फक्त वाचा, लिहू नका. कधी तर ड्राइव्ह माउंटच होत नाही, म्हणजे लिनक्सला जोडलाच जात नाही.

यात लिनक्सचा दोष क्वचितच असतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर ठेवून झोपतं. त्याच्या हिशेबी ड्राइव्ह अजून वापरात असतो. तिथे बाहेरून कुणी लिहिलं तर डेटा बिघडेल, म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात तर मात्र सगळं सुरळीत, कारण रीस्टार्टला विंडोज खरोखर बंद होतं. "सकाळी तर चालत होतं!" यामागचं कोडं ते हेच.

कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणाच्या सेटिंगमधली फास्ट स्टार्टअपची टिक काढा आणि एकदा नीट शट डाउन करा. जबरदस्तीने माउंट करायचे नेटवरचे उपाय नकोत. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात लाइट जाते, यूपीएस नसलेला डेस्कटॉप धाडकन बंद पडतो, तेव्हाही हीच अडचण येते. मग विंडोजमधून चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवा.

दोन्हीकडून वापरायच्या सामायिक फाइलींसाठी डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. फॅट३२ हा जुना फॉरमॅट नको, त्यात ४ जीबीची एक फाइलही बसत नाही. लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट, एक्स्ट४, विंडोजला आपणहून वाचता येत नाही. वर 'फॉरमॅट करू का?' विचारतं, तिथे डोळे झाकून कॅन्सल दाबायचं.

नोट्स, पीडीएफ, लेक्चरचे व्हिडिओ सामायिक पार्टिशनवर खुशाल ठेवा. पायथनचे, सीचे प्रोजेक्ट मात्र लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच बरे, कारण एनटीएफएसवर लिनक्सच्या परमिशन (फाइल कोण वाचू, लिहू, चालवू शकतं ते) नीट टिकत नाहीत आणि स्क्रिप्ट चालवताना डोकं फिरतं. आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका, विंडोजला ते चालत नाही.