जुनं एचएमटी पायलट कसं घ्यावं: तबकडी आधी, किंमत नंतर

वैमानिकांची जुनी घड्याळं जमवायची म्हटलं की लोक इंटरनेटवर आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीची मार्क ११ शोधत बसतात. ब्रिटिश हवाई दलासाठी १९४८ पासून बनलेलं ते घड्याळ उत्तमच आहे. विमानातल्या चुंबकीय क्षेत्राने वेळ बिघडू नये म्हणून त्याच्या मशीनभोवती नरम लोखंडाचं आवरण असतं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन वैमानिकांची घड्याळं तर ५५ मिलिमीटरची, जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायची. पण आर्वी, दारव्हा किंवा मूर्तिजापूरला राहून ती हाती लागणार नाहीत, आणि कुणी स्वस्तात दाखवलीच तर ती खोटी समजा. आपल्या भागात शोधण्यासारखं एकच आहे, एचएमटी पायलट. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. पायलट ही त्याच घराण्यातली, रोज चावी द्यायची, सतरा ज्वेलची (मशीनची झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांची) घडी. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, त्यामुळे जुनं जे आहे ते आता घराघरांतच शोधायचं.

शोध कुठे घ्यायचा? निवृत्त गुरुजी, एसटीचे जुने ड्रायव्हर, लग्नात जावयाला घड्याळ दिलेली घरं. तालुक्याच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याशी ओळख ठेवा. आठवडी बाजारातही कधीमधी मिळतं.

आता खरं अवघड काम. मला हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि यावरचे बहुतेक सल्ले कुचकामी आहेत. "चालू आहे ना, मग घ्या," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मशीन दुरुस्त होतं, रंगवलेली तबकडी पुन्हा मूळची होत नाही. बाजारात आकाशी, केशरी, हिरव्या तबकड्यांवर पायलट लिहून, वर हवाई दलाचं चिन्ह छापलेल्या घड्या ढिगाने फिरतात. विकणारा "एकदम वरिजनल हाये भाऊ" म्हणतो. ती नव्याने रंगवलेली असते. आत मशीन भलत्याच मॉडेलचं असतं, काटे तिसऱ्याच घड्याळाचे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा आणि घड्याळ उन्हात तिरपं धरा. मूळ छपाईची अक्षरं कडेला स्वच्छ असतात. रंगवलेल्या तबकडीवर ती फुगलेली, कुठे जाड कुठे बारीक दिसतात. काट्यांच्या मधल्या भोकाभोवती रंगाचा थर साचलेला आहे का, ते बघा. मिनिटांच्या खुणा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का, तेही बघा. मग आकड्यांवरचा आणि काट्यांवरचा चमकणारा रंग ताडून पाहा. एकाच वयाचा असेल तर दोन्ही सारखेच पिवळसर झालेले असतात. आकडे ताजे हिरवे आणि काटे तपकिरी असतील, तर एक बदललंय. माझा सगळ्यात भरवशाचा निकष वेगळाच आहे. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, घामाने खड्डे पडलेत, काचेवर ओरखडे आहेत आणि तबकडी मात्र काल छापल्यासारखी चकचकते, तर घड्याळ परत करा. डागाळलेली, कडेने फिकी पडलेली काळी तबकडी मी बिनदिक्कत घेतो.

एवढं जमलं की मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. "उघडलं तर खराब होईल" म्हणणाऱ्याकडून घेऊच नये. मशीनवर एचएमटीचं नाव असायला हवं. तबकडी मशीनला आपल्या पायांनी बसते. ते पाय कापून ती गोंदाने चिकटवलेली असेल, तर ती दुसऱ्या घड्याळातून आलेली आहे. हे झाकणातून दिसत नाही, तबकडी काढावी लागते. म्हणून मोठी किंमत सांगितली असेल तर सौदा ओळखीच्या कारागिराच्या टेबलावरच करा.

अजून एक धोका. युद्धकाळातली कुठलीही परदेशी घडी हाती आली तर तिची काच काढू नका आणि चमकणारा रंग खरवडू नका. त्यात बहुधा रेडियम असतं. रात्री ती चमकत नसली तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, कारण रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

घेतल्यावर सर्व्हिसिंग. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या घड्याळातलं तेल आटलेलं असतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकर. तेल न घालता रोज चालवलं तर भाग झिजतात. कारागिराला बजावून सांगा: तबकडी पुसायची नाही, केसला बफिंग, म्हणजे घासून पॉलिश, करायचं नाही. बफिंगने मुलामा जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. पट्टा मात्र खुशाल नवा घ्या.

पावसाळ्यात ही घडी घालून शेतात जाऊ नका, पाणी आत जातं. रात्री ती स्पीकरजवळ ठेवू नका. अचानक फार पुढे पळू लागली तर आधी मशीनमध्ये चुंबकत्व आलंय का ते तपासून घ्या. ते काढायला कारागिराला क्षणभर लागतो, मशीन खोलायची गरज पडत नाही.