रॉकेट वर, शेअर खाली : अवकाश कंपन्यांच्या शेअरमध्ये या चुका टाळा

११ जुलै २०२१, रविवार. उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन आपल्याच व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपनीच्या यानातून अवकाशाच्या वेशीपर्यंत जाऊन न्यू मेक्सिकोत सुखरूप उतरले. शेअरप्रेमींच्या ग्रुपांवर एकच गजर सुरू झाला : उद्या बाजार उघडला की हा शेअर हाती लागत नाही. सोमवारी सुरुवातीला भाव चढलाही. पण त्याच सकाळी कंपनीने कागद दाखल केला, की आम्ही ५० कोटी डॉलरपर्यंतचे नवे शेअर बाजारात विकू शकतो. बाजार बंद झाला तेव्हा शेअर सुमारे १७ टक्के खाली होता. उड्डाणात काहीच चुकलं नव्हतं.

अवकाश कंपन्यांच्या शेअरमध्ये सामान्य माणसाचे पैसे जातात ते बहुतेक वेळा असेच. ग्रुपवर चर्चा इंजिनाची, कक्षेची, चंद्राची. कंपनीकडे रोकड किती महिने पुरेल आणि तोवर शेअरची संख्या किती वाढेल, हे विचारणारा मात्र रसभंग करणारा ठरतो.

उड्डाण झालं म्हणजे धंदा झाला

व्हर्जिन ऑर्बिट ही ब्रॅन्सन यांचीच दुसरी कंपनी. बोईंग ७४७ च्या पंखाखाली रॉकेट टांगून हवेतून सोडायचं, ही तिची कल्पना. सहा प्रक्षेपणांपैकी चार यशस्वी झाली, आणि नव्या रॉकेट कंपनीसाठी ही कामगिरी वाईट नव्हे. पण डिसेंबर २०२१ मध्ये ती स्पॅकच्या मार्गाने (म्हणजे स्वतःचा धंदा नसलेल्या, फक्त पैसे गोळा करून आधीच बाजारात नोंदलेल्या कंपनीत विलीन होऊन) बाजारात आली तेव्हा ४८.३ कोटी डॉलर मिळतील अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात हाती आले २२.८ कोटी. कारण स्पॅकमध्ये आधीपासून पैसे ठेवलेल्यांना विलीनीकरणापूर्वी आपले १० डॉलर परत मागायचा हक्क असतो, आणि बहुतेकांनी तो बजावला. शहाणे पैसे घेऊन बाहेर पडले. त्याच दिवसांत ग्रुपवर मात्र ‘लवकर घ्या’ चाललं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून सोडलेलं त्यांचं रॉकेट फसलं, आणि ४ एप्रिलला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक म्हणतात ते एक अपयश भोवलं. मला ते पटत नाही. ज्या कंपनीकडे दुसऱ्या प्रयत्नापुरतीही रोकड उरलेली नाही, ती आज ना उद्या कशानेही बुडाली असती. स्पॅकमधून आलेल्या कंपनीत किती टक्के लोकांनी पैसे परत घेतले, हा आकडा विलीनीकरणानंतर काही दिवसांत जाहीर होतो. तो ऐंशीच्या पुढे असेल तर बाकी सादरीकरण वाचायची फार घाई करू नका.

भाव पाहणं, शेअरची संख्या न पाहणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ‘फक्त ३ डॉलरला मिळतोय, १० ला गेला तरी तिप्पट’ हे वाक्य ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतो. ३ डॉलर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शेअर १० कोटी आहेत की १०० कोटी, यावर सगळं आहे.

हे पाहायला कुणा सल्लागाराची गरज नाही. अमेरिकी नियामक एसईसीचं एडगर नावाचं संकेतस्थळ फुकट आहे. कंपनीचं नाव टाका, ‘टेन-क्यू’ नावाचा ताजा तिमाही अहवाल उघडा. पहिल्याच पानावर, अगदी तळाशी, त्या तारखेला एकूण किती शेअर अस्तित्वात आहेत ते लिहिलेलं असतं. मागच्या वर्षाचा तोच अहवाल शेजारी उघडा. संख्या २० कोटींवरून ३० कोटी झाली असेल तर कंपनीची किंमत तीच राहूनही तुमच्या शेअरचा भाव तृतीयांशाने घटतो.

इथे एक खाचही आहे. उपग्रहातून थेट साध्या मोबाइलला जोडणी देऊ पाहणाऱ्या एएसटी स्पेसमोबाइलचे शेअर तीन वर्गांत विभागलेले : ए, बी आणि सी. बाजारात खरेदी-विक्री होते ती फक्त ए वर्गाची. अनेक अ‍ॅपवर कंपनीचं बाजारमूल्य दिसायचं ते एवढ्यावरच मोजलेलं. त्यामुळे कंपनी आहे त्याहून कितीतरी स्वस्त वाटायची, आणि तोच स्क्रीनशॉट ‘बघा, अजून किती जागा आहे’ म्हणून फिरायचा. अहवालाच्या पहिल्या पानावर तिन्ही वर्गांची संख्या दिलेली असते. बेरीज करायला मिनिटभर लागतो.

मग रोकड. ताळेबंदात बँकेतली रक्कम आणि लगेच मोडता येतील अशा गुंतवणुका बघा. रोख प्रवाहाच्या तक्त्यात कामकाजावर आणि यंत्रसामग्रीवर तिमाहीत किती गेले ते बघा. हातात २४ कोटी आणि तिमाहीला ८ कोटी जात असतील, तर तीन तिमाहींची हवा आहे. पण कंपनी तिसऱ्या तिमाहीपर्यंत थांबत नाही. भाव वर दिसला की त्याच आठवड्यात नवे शेअर काढते, आणि तिच्या जागी तुम्ही असतात तरी तेच केलं असतंत. चांगली बातमी, भावात उसळी, संध्याकाळी शेअरविक्रीची घोषणा : हा क्रम इतका ठरलेला आहे, की उसळीच्या दिवशी खरेदी करणारा बहुधा कंपनीच्या पुढच्या वर्षाचा खर्चच भरत असतो.

आणि आतली माणसं काय करतात तेही त्याच संकेतस्थळावर ‘फॉर्म ४’ मध्ये दिसतं. व्हर्जिन गॅलॅक्टिकचे तेव्हाचे अध्यक्ष चमथ पालिहापितिया यांनी मार्च २०२१ मध्ये स्वतःच्या नावावरचे सगळे शेअर विकले, सुमारे २१ कोटी डॉलरचे. ब्रॅन्सन यांनीही त्याच वर्षी मोठा हिस्सा विकला. लपूनछपून नव्हे, नियमाप्रमाणे जाहीर करून.

कंपनीने दिलेली तारीख खरी धरणं

अ‍ॅस्ट्रा ही रॉकेट कंपनी २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा २०२५ पर्यंत जवळपास रोज एक रॉकेट सोडण्याचं चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात तिची दोनच रॉकेटं कक्षेत पोचली आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी उरलेले शेअर ५० सेंटला घेऊन कंपनी खासगी केली, म्हणजे बाजारातून काढून घेतली. तेसुद्धा आधी १५ शेअरचा एक करून झाल्यावर.

पण उशीर म्हणजे नेहमी फसवणूक नव्हे. रॉकेट लॅबने २०२१ मध्ये न्यूट्रॉन हे मोठं रॉकेट जाहीर केलं, पहिलं उड्डाण २०२४ मध्ये म्हणून. ते वर्ष उलटलं, २०२५ देखील उलटलं. तरी एप्रिल २०२४ मध्ये ४ डॉलरच्या खाली असलेला शेअर वर्षअखेर २० च्या पुढे होता, कारण त्यांचं छोटं इलेक्ट्रॉन नियमित उडत होतं आणि उपग्रहांच्या सुट्या भागांतून पैसे येत होते. तारखेला दोन वर्षं जोडा आणि तेवढ्या काळाची रोकड आहे का ते तपासा. नसेल तर तारखेवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आपण झोपलेले असताना

इन्ट्यूटिव्ह मशीन्स या अमेरिकी कंपनीचं ओडिसियस यान चंद्रावर उतरलं ते २३ फेब्रुवारी २०२४ ला, भारतात पहाटेचे पाच वाजत आले असताना. अमेरिकेत गुरुवारची संध्याकाळ होती. शुक्रवारी शेअर चढला. बाजार बंद झाल्यावर पत्रकार परिषद झाली आणि यान आडवं झाल्याचं कळलं. तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट. बाजारवेळेनंतरच्या व्यवहारांत भाव कोसळला आणि सोमवारी तो बराच खाली उघडला. दुसरं यान, अथेना, मार्च २०२५ मध्ये तसंच कलंडलं आणि शेअरही तसाच पडला.

‘स्टॉपलॉस लावलाय ना, मग भीती कसली’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री करण्याची सूचना. स्टॉपलॉस ८ डॉलरला असेल आणि बाजार थेट ६ ला उघडला, तर विक्री ६ च्या आसपास होते. भारतातून वापरायच्या बऱ्याच अ‍ॅपवर बाजारवेळेनंतर व्यवहारही करता येत नाहीत. उतरण्याच्या किंवा प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी हातात किती शेअर ठेवायचे, एवढाच निर्णय खरा तुमच्या हातात असतो. मी त्या दिवसांत नवी खरेदी करत नाही.

ग्रुप

‘काका, रोकड किती उरलीय बघितलीत का?’
‘दादा, निगेटिव्हिटी नको. विकायचं तर विका, ग्रुप खराब करू नका.’

असा संवाद दिसला की त्या ग्रुपवर यापुढे फक्त आनंदाच्याच बातम्या मिळणार, हे समजून चाला. शंका काढणारे एकेक करून गप्प बसतात किंवा काढले जातात, उरलेल्यांना सगळं जग आपल्याच मताचं वाटायला लागतं. मग भाव पडला की ‘शॉर्ट सेलर (भाव पडण्यावर पैसे लावणारे) पाडतायत’, आणखी पडला की ‘अ‍ॅव्हरेज करा’, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणा. एएसटी स्पेसमोबाइलचे चाहते स्वतःला ‘स्पेसमॉब’ म्हणवतात. त्यांच्यात अँटेना आणि स्पेक्ट्रमचा कसून अभ्यास केलेली माणसं आहेत, आणि २ डॉलरच्या आसपास धीर धरलेल्यांना २०२४ मध्ये मोबदलाही मिळाला. ग्रुपवाले हे उदाहरण न चुकता देतात. अ‍ॅस्ट्राचेही असेच चाहते होते. ते आता कुठे लिहीत नाहीत, म्हणून त्यांचं उदाहरण कुणी देत नाही.

ग्रुप सोडून थेट कंपनीच्या पत्रकावर विसंबावं, तर तिथेही डोळे उघडे हवेत. मोमेंटस कंपनीने आपलं इंजिन अवकाशात यशस्वीपणे तपासल्याचं सांगितलं होतं. एकमेव चाचणी फसली होती, असं जुलै २०२१ मध्ये एसईसीने जाहीर केलं आणि दंड लावला. सही करून नियामकाकडे दिलेल्या अहवालातली ‘जोखमी’ची पानं कंटाळवाणी असतात, पण तिथे वकिलांनी कंपनीला खरं लिहायला लावलेलं असतं.

‘स्पेसएक्स’ मिळत नाही म्हणून दुसरं काहीतरी

२०२४ मध्ये स्पेसएक्स शेअर बाजारात नव्हती, पण तिचे शेअर बाळगणारा डेस्टिनी टेक१०० हा फंड मार्चमध्ये न्यूयॉर्कला नोंदला गेला. फंडाकडच्या मालमत्तेची किंमत प्रति युनिट ५ डॉलरच्या आसपास होती. एप्रिलमध्ये लोकांनी त्याला १०० डॉलरपर्यंत नेला. पाचाची वस्तू शंभराला! आर्क कंपनीच्या अवकाश ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) सुरुवातीला ट्रॅक्टर बनवणारी डीअर आणि नेटफ्लिक्सही होती. नावात ‘स्पेस’ दिसलं तरी आतली यादी वाचावी, ती याचसाठी.

इस्रोच्या प्रेमापोटी

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून एएसटी स्पेसमोबाइलचा प्रचंड ब्लूबर्ड उपग्रह कक्षेत सोडला. अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट. पण ‘इस्रोने सोडला, आता शेअर घ्या’ हा तर्क उलटा आहे. प्रक्षेपणाचे पैसे मिळाले इस्रोचं व्यापारी काम पाहणाऱ्या एनएसआयएल या सरकारी कंपनीला, आणि ती बाजारात नाही. एएसटीच्या वहीत तो खर्च आहे.

चांद्रयान-३ उतरलं त्या ऑगस्ट २०२३ मध्ये इथेही असंच झालं. वालचंदनगर इंडस्ट्रीज, पारस डिफेन्स, एमटीएआर, सेंटम, ज्याचा ज्याचा इस्रोशी संबंध आठवला त्याचा भाव पळाला. यानातले भाग काही वर्षांपूर्वीच बनवून, बिलं देऊन झालेली होती. विक्रोळीत इस्रोच्या रॉकेटांचं विकास इंजिन बनवणारी गोदरेज अँड बॉईस शेअर बाजारात नाही, तरी ‘गोदरेजचा कुठला घ्यायचा?’ असं विचारणारे होतेच. स्कायरूट किंवा अग्निकुल या खासगी रॉकेट कंपन्यांचे ‘नोंदणीपूर्व शेअर’ (कंपनी बाजारात येण्याआधीचे) व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारा भेटला, तर आधी तो सेबी या बाजार नियामकाकडे नोंदलेला आहे का ते बघा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

अडकलाच असाल तर

खात्यात अचानक शेअर कमी दिसले तर घाबरू नका, रिव्हर्स स्प्लिट झाला असेल, म्हणजे अनेक शेअर एकत्र करून एक केला असेल. जून २०२४ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकने २० चे १ केले, म्हणजे २०० चे १० उरले. मूल्य तेच, भाव वीसपट. मात्र जुना चार्टही वीसपट ताणला जातो. २०२१ मधला ६० डॉलरचा भाव आता १,२०० दिसतो, आणि ‘१,२०० चा शेअर किती स्वस्तात!’ म्हणून नवे लोक शिरतात. १,२०० ला तो कधीच नव्हता.

दिवाळखोरीनंतर व्हर्जिन ऑर्बिटचा शेअर, बाजारातल्या चिन्हाच्या शेवटी दिवाळखोरीची खूण म्हणून ‘क्यू’ लागून, काही काळ सेंटांत विकला जात होता. विमान, कारखाना, यंत्रं मिळून सुमारे ३.६ कोटी डॉलर आले, आधी मान होता कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांचा. तिथे ‘परत उठेल’ म्हणून अ‍ॅव्हरेज करणं म्हणजे जाळायलाच पैसे देणं.

उलट, असा शेअर हातात असेल तर तो चालू आहे तोवर विकून टाका, काही सेंट आले तरी. आयकरात तोटा धरला जातो तो विक्रीनंतर. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या परदेशी शेअरचा तोटा दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तरच आठ वर्षं पुढे नेता येतो. शिवाय तुम्ही निवासी भारतीय असाल तर हे शेअर परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागतात, तोट्यात असले तरी. हे शेड्यूल आर्थिक वर्षाचं नव्हे, जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं भरायचं असतं. मार्चची आकडेवारी घेऊन सीएकडे गेलात तर तो तुम्हाला परत पाठवणार.