टीममध्ये हसतखेळत काम करताना या चुका टाळा

सोलापुरातील टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डर नोंदवण्याचे सॉफ्टवेअर आमची सहा जणांची टीम अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत सतत सुधारणा करत, तयार करते. कामात खेळ आणि विनोद आणताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इतरांच्या हातून होऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

सर्वांत महागात पडते ती माणसावर केलेली थट्टा. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच टेबलाभोवती ऐकू येतात. त्यामुळे घरी तेलुगू बोलणाऱ्या सहकाऱ्याच्या मराठी उच्चारांची नक्कल करून हशा पिकवणे फार सोपे असते. आमच्याकडे तसे घडले तेव्हा तोही हसला, पण पुढच्या दोन रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेण्याच्या बैठकांमध्ये, त्याने मत लिहिलेली एकही चिठ्ठी फळ्यावर लागली नाही. असे झाल्यास टीमप्रमुखाने आधी त्या सहकाऱ्याशी एकांतात बोलावे आणि मग नकला बंद झाल्याचे बैठकीत स्पष्ट सांगावे.

विनोदाचा रोख कामाकडे वळवला की कल्पना सुचू लागतात. “ऑर्डर हमखास चुकावी यासाठी स्क्रीन कशी बनवाल?” असा उलटा प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा एकीने लिहिले, “डझन आणि नग एकाच रकान्यात भरायला लावू.” सगळे हसले, आणि आमच्या चालू स्क्रीनवर नेमके तेच होते हे दुसऱ्याच क्षणी लक्षात आले. अशी सापडलेली गोष्ट त्याच बैठकीत बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, नोंदवावी, नाहीतर हशाबरोबर तीही विरून जाते.

दुसरी चूक वेळेची आहे. रोजची स्क्रम बैठक, म्हणजे दिवसाच्या कामाचा मेळ घालण्याची टीमची बैठक, जेमतेम 15 मिनिटांची असते, तिच्यात खेळ घुसवू नये. खेळाची जागा अवघड प्रश्नाला हात घालण्याआधी असते. मानसशास्त्रज्ञ ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विनोदी चित्रफीत पाहिलेल्यांपैकी अधिक जणांना मेणबत्तीचे कोडे सुटले. त्यात मेणबत्ती भिंतीवर बसवायची असते आणि त्यासाठी टाचण्यांची डबी रिकामी करून तिचाच आधार म्हणून उपयोग करता येतो, हे ओळखायचे असते.

खेळाची सक्ती मात्र कधीही करू नये. ज्याला खेळायचे नसेल त्याला वेळ मोजण्याचे किंवा चिठ्ठ्या लावण्याचे काम द्यावे, आणि त्याला कारण विचारू नये.