पहिल्या सेशनलाच गोपनीयतेचं बोलून घ्या

नवीन काउन्सेलर हमखास म्हणतात, "इथलं काहीही बाहेर जाणार नाही." असं कधीच बोलू नका, कारण ते खरं नसतं. क्लायंट स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, लहान मुलाचा छळ होत असेल किंवा कोर्टाने ऑर्डर काढली तर तोंड उघडावं लागतं, आणि हे त्याला आधीच माहीत पाहिजे, मन मोकळं करून झाल्यावर नाही. १९७६ च्या टॅरासॉफ केसमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की जिला धोका आहे त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी थेरपिस्टने वाजवी पावलं उचलायलाच हवीत.

फॉर्मवर नुसती सही घेऊ नका, सही तर लोक न वाचताच ठोकतात. सरळ विचारा, "मी कधी दुसऱ्याला सांगू शकते, तुमच्या शब्दांत सांगा बरं?" अडखळला तर परत समजवा.

आईवडील मुलाला घेऊन आले तर त्यांना काय कळणार नि काय नाही हे तिघांसमोरच ठरवा, नाहीतर सेशन संपल्या संपल्या दारातच "काय म्हणाला तो?" सुरू होतं.

आणि क्लायंट बाहेर दिसला तर आपण आधी हाक मारायची नाही, त्याने मारली तर बोला.