टेरेसवर कृत्रिम गवत टाकताय? आधी पाणी कुठं जातं ते बघा

पुण्यात हल्ली बघावं त्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या बाल्कनीत, टेरेसवर हिरवं कृत्रिम गवत असतंच, दिसतंही छान, पण एक पावसाळा गेला की बऱ्याच ठिकाणी खालून कुबट वास यायला लागतो. यात गवताचा दोष कमी आणि खाली तुंबलेल्या पाण्याचा जास्त. म्हणून दुकानात जायच्या आधी बादलीभर पाणी टेरेसच्या लांबच्या कोपऱ्यात ओता आणि बघत बसा. सगळं पाणी निचऱ्याच्या जाळीकडे गेलं तर ढाळ बरोबर आहे. अर्ध्या तासानंतरही कुठं डबकं राहिलं तर तिथं खडूनं खूण करा, ती जागा गवंड्याकडून नीट करून घ्या, नाहीतर गवताखाली ड्रेनेज सेल टाका. या प्लास्टिकच्या जाळीदार लाद्या असतात, एकमेकांत अडकतात, गवत फरशीपासून वर राहतं आणि पाणी खालून निघून जातं.

खालच्या फ्लॅटला गळती असेल तर वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय गवताचं नावच काढू नका. माझ्या मते हे काम दसऱ्यानंतर काढावं, कारण ओल कुठं येते ते पावसानं तोवर दाखवलेलं असतं. टेरेस कॉमन असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी.

आता माप. आपल्याकडे रोल बहुतेक २ मीटर म्हणजे साधारण साडेसहा फूट रुंद येतो, त्यामुळे पट्टे कुठल्या दिशेनं टाकायचे यावर पैसे वाचतात. समजा टेरेस १० बाय १२ आहे. १२ फुटी दोन पट्टे घेतले तर १५६ चौरस फूट माल लागतो, तेच १० फुटी दोन पट्टे घेतले तर १३० मध्ये काम होतं, जोड दोन्हीकडे एकच. प्रत्येक पट्टा दोन-तीन इंच जास्तच घ्या. ५ फुटी बाल्कनीला तर जोडच लागत नाही.

दुकानात फोटो बघून ठरवू नका, सॅम्पल हातात घ्या. बाल्कनी-टेरेसला २५ ते ३५ मिमी उंची पुरते, ५० मिमीचं दिसायला भरगच्च पण खुर्च्या ठेवल्या की बसतं ते उठत नाही. सॅम्पल पाती बाहेर ठेवून दुमडा, मधून काळं बॅकिंग, म्हणजे पाती ज्यावर शिवलेल्या असतात तो मागचा थर, ठळक दिसलं तर विण विरळ आहे. एक झुबका धरून ओढा, हातात आला तर सोडून द्या. मागे पाण्यासाठी भोकं हवीतच. पाती पॉलिइथिलीनची घ्या, मऊ असतात, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पण चेपलं की लवकर उभं राहत नाही. यूव्हीची, म्हणजे उन्हात टिकण्याची, गॅरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या, एप्रिल-मे चं ऊन बाल्कनीत थेट येत असेल तर यात अजिबात तडजोड नको.

बसवताना आधी फरशी घासून धुवा, पूर्ण वाळू द्या. रोल दोन-तीन तास उन्हात उलगडून ठेवला की वळ्या जातात. पातींचा कल सगळ्या पट्ट्यांत एकाच बाजूला पाहिजे, आणि तो घराच्या दाराकडे असला तर आतून बघताना गवत भरलेलं दिसतं, एक पट्टा जरी उलटा पडला तरी दोन वेगळे रंग असल्यासारखं वाटतं आणि ते नंतर काही करून लपत नाही. कापायचं ते मागच्या बाजूनं, धारदार कटरनं, शिलाईच्या दोन ओळींच्या मधून. जोडावर दोन्ही पट्ट्यांची कड एकेक ओळ कापून शेजारी-शेजारी आणा, एकावर एक चढवू नका, खाली जॉइनिंग टेप आणि पीयू (पॉलियुरेथेन) गम लावा, पाती त्यात अडकू देऊ नका, वर वजन ठेवून दिवसभर पाय देऊ नका.

पूर्ण फरशीला गम फासू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. कडेनं मधे मधे जागा सोडून डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी) बास, म्हणजे पाण्याला वाट राहते आणि उद्या वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली तर गवत न फाडता उचलता येतं. वाऱ्याच्या टेरेसवर कडेनं कुंड्या ठेवा. जाळीवर गवत चिकटवायचं नाही, तेवढा चौकोन सुटा कापून नुसता ठेवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून पालापाचोळा काढा.

बंगल्याच्या अंगणात जमिनीवर टाकायचं असेल तर तीन-चार इंच खोदा, लव्हाळा मुळातल्या गाठींसकट काढा कारण तो टोचून वर येतो, मग मुरूम-खडी धुम्मस करून दाबा, वर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड. काळी माती तशीच ठेवली तर पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि गवत वरखाली होतं. चांगलं झाड असेल तर त्याच्या बुंध्याभोवतीची जागा मोकळीच सोडा, मुळांना पाणी-हवा लागते.

नंतरची निगा थोडीच आहे. कबुतरांची घाण वाळायच्या आत धुवा, कडक ब्रशनं पातींच्या कलाच्या उलट्या दिशेला झाडा. भर दुपारी हे गवत चटका बसेल इतकं तापतं, त्यामुळे लहान मुलांना अनवाणी सोडू नका, आधी पाणी मारा किंवा वर शेडनेट लावा. दिवाळीत पणत्या गवतावर नकोत, कठड्यावर ठेवा, आणि फटाक्यांची ठिणगी येत असेल तर ते चार दिवस गवत गुंडाळून आत घ्या, प्लास्टिक आहे, एकदा वितळलं की तेवढा तुकडा बदलावाच लागतो. म्हणून कापून उरलेला माल फेकू नका, बदलायला त्याच लॉटचा तुकडा लागतो.