तांदळाची पिशवी काखेत घेऊन बाबागाडी मिटून बघा

माझी धाकटी जाऊ मे महिन्यात लेकाला घेऊन भावाकडं अमेरिकेला निघालीय. फ्लोरिडात ऑरलँडोला उतरणार, चार दिवस डिस्ने वर्ल्डचे, म्हणजे राइड्सची मोठमोठी पार्कं आहेत तिथले. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आणि परवा रात्री जेवणं आटपल्यावर तिनं विचारलं, “ताई, बाबागाडी न्यायला लागती का ओ? ह्यो तर दिवसभर पळतोय.” मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, “अडीच वर्षांचं घोडं ते, त्याला कशाला गाडी?” गेल्या वर्षी लेकीला घेऊन जाताना मीही हेच म्हणत होते. म्हणून ही यादी तिच्यासाठी लिहायला घेतली, आणि लिहितेच आहे तर तुमच्यासाठीही.

आपली अडचण अशी की कोल्हापुरात बाबागाडी कुणाला लागतच नाही. पोरगं ॲक्टिव्हावर पुढं उभं राहतं, रंकाळ्यावर आजोबांच्या खांद्यावर बसतं, महाद्वार रोडला कडेवर असतं. फुटपाथ आहे तिथं भाजीवाली बसलेली, नाही तिथं गाड्या लावलेल्या. त्यामुळं दुकानात गेलो तरी आपण रंग बघतो, गादी दाबून बघतो, वरच्या टपावर नक्षी कसली आहे ते बघतो आणि घेऊन येतो. तिकडं पार्कात पहिल्याच दिवशी माझ्या मोबाइलवर सतरा हजार पावलं पडली. पोरगी पहिला तासभर उड्या मारत चालली, मग जी कडेवर चढली ती उतरेचना. तेव्हा पहिलं ठरवून टाका: गाडी न्यायची. मूल चालतं का, हा प्रश्नच नाही. दुपारी दोनला ते कुठं झोपणार, हा प्रश्न आहे.

जाण्याआधी वय मोजा. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला तिकीट लागत नाही, तिसरा वाढदिवस झाला की लागतं. विमानात मात्र दोन वर्षं झाली की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. आणि वयाबरोबर वजनही. तीन वर्षांचं मूल साधारण चौदा किलोच्या आसपास असतं, आणि बऱ्याच बाबागाड्यांवर कमाल वजन १५ किलो लिहिलेलं असतं. युरोपच्या मानकाप्रमाणं बनवलेल्या काही गाड्यांवर २२ किलो असतं. आपली खाती-पिती पोरं बघता दुसऱ्या आकड्याचीच गाडी घ्या. हा आकडा बहुतेक वेळा खाली, दांडीला चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर असतो. दुकानदाराला विचारू नका, वाकून स्वतः वाचा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. आम्ही मैत्रिणीकडून मागून आणलेली गाडी नेली होती. तीन चाकांची, हवेच्या टायरची, दणकट. गल्लीतल्या खड्ड्यातून अशी जायची की बघत राहावं. वजन अकरा किलो. पार्कच्या हॉटेलात दोन रात्री होतो, तिथून पार्कात जायला-यायला त्यांच्या बसा असतात, आणि बसमध्ये चढण्याआधी बाबागाडी मिटावी लागते. रात्रीची आतषबाजी संपली, सगळं पार्क एकदम बसस्टॉपवर. लेक माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली, नवरा सासूबाईंचा हात धरून, कारण त्यांचे गुडघे बोलायला लागलेले. मामंजींच्या दोन्ही हातांत पिशव्या. आणि त्या गाडीला मिटवायचं म्हणजे एका हातानं डावा खटका ओढायचा, दुसऱ्या हातानं उजवा, आणि त्याच वेळी पायानं मधली दांडी दाबायची. मला हात किती? एकच मोकळा. पायानं दाबत होते, खटका सुटत होता, परत दाबत होते. शेवटी कळलं की खालच्या टोपलीत पाण्याची बाटली आडवी अडकलीय, म्हणून ती मिटतच नव्हती. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं काही न बोलता बाटली काढून माझ्या हातात दिली. लाज वाटली, पण तिचे पाय धरावेसे वाटले.

म्हणून दुकानात ही परीक्षा घ्याच. लाज बाळगू नका. मूल एका कडेवर घ्या, ते रडत असेल तर उत्तमच, आणि दुसऱ्या हातानं गाडी मिटा, उचला, परत उघडा. ऑनलाइन मागवली असेल तर पहिल्या दिवशी घरी दहा किलो तांदळाची पिशवी काखेत मारा आणि पाच वेळा करून बघा. जमलं नाही तर परत पाठवायची मुदत आहे तोवर पाठवा. हे काम नवऱ्याकडूनही करून घ्या, कारण “मला येतं की त्यात काय” म्हणणारा माणूस बसस्टॉपवर सूचनापुस्तिका शोधतो. मिटल्यावर आपोआप कुलूप बसतं का, उभी राहते का, खांद्याला अडकवायचा पट्टा आहे का, एवढंही बघा. टोपलीत सामान ठेवून मिटते का, हे तर मी आता स्वप्नातही बघते.

वजन सहा-सात किलोच्या आत असावं. काही गाड्या एवढ्या लहान घडी होतात की विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जातात. योयो नावाची गाडी मिटल्यावर साधारण ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर होते. ती महाग आहे, पण त्याच घाटाच्या स्वस्त गाड्या आता आपल्याकडंही मिळतात. घेताना मिटलेलं माप लिहून घ्या आणि आपल्या विमान कंपनीच्या हातसामानाच्या मापाशी ताडून बघा. “केबिन साइज” असं खोक्यावर छापलेलं असणं आणि कंपनीनं ते मानणं, यात फरक आहे.

चाकांबद्दल एक उलटी गोष्ट सांगते. छोट्या चाकांची हलकी गाडी आपल्या गल्लीत नेली तर स्पीडब्रेकरवर अडखळेल, पेव्हिंग ब्लॉकच्या फटीत रुतेल, आणि तुम्ही म्हणाल ही कसली फालतू. तेवढ्यावरून तिला नाकारू नका. पार्कातले रस्ते गुळगुळीत आहेत. गाडी तिथल्या रस्त्यासाठी घ्यायची, राजारामपुरीच्या नाही. फक्त पुढची चाकं गर्रकन वळतात का आणि ब्रेक एका पायानं लागतो-सुटतो का, ते बघा. चप्पल घालून ब्रेक वर उचलायचा असेल तर अंगठा सोलून निघतो, हा माझा अनुभव.

पाठ किती मागं जाते हे मात्र नीट बघा. अगदी आडवी व्हायला नको, पण झोपलेल्या मुलाची मान छातीवर पडता कामा नये. मुलाला बसवून बघा, डोकं टपाला घासत असेल तर सहा महिन्यांत गाडी निरुपयोगी. टप पुढं ओढल्यावर नाकापर्यंत सावली यायला हवी, कारण फ्लोरिडाचं ऊन आपल्या एप्रिलसारखं आणि वर दमट. उन्हासाठी म्हणून गाडीवर ओढणी किंवा जाड टॉवेल गुंडाळायची आपली सवय असते, ती तिथं करू नका. आत हवा कोंडते आणि मूल शिजून निघतं. त्यापेक्षा क्लिपवाला छोटा पंखा लावा. पंख्याची आणि पॉवर बँकेची बॅटरी हातसामानात ठेवा, मोठ्या बॅगेत टाकली तर विमानतळावर बॅग उघडायला बोलावतात. पट्टा खांदे, कंबर आणि दोन पायांच्या मधून असा पाच ठिकाणी धरणारा असावा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून आमची लेक साबणासारखी निसटायची.

पाऊस. आपण कोल्हापूरकर पावसाला कुठं घाबरतो, पण तिकडं उन्हाळ्यात दुपारी लख्ख ऊन असताना ढग येतात, विजा कडाडतात, तासाभरात सगळं धुऊन जातं आणि परत ऊन. जूननंतर तर हा जवळजवळ रोजचाच खेळ. गाडी तेव्हा राइडच्या बाहेर उघड्यावर उभी असते, आणि ओल्या गादीवर पोरगं बसत नाही. तेव्हा गाडीचं इरलं, म्हणजे प्लॅस्टिकचं रेनकव्हर, हवेला भोकं असलेलं घ्या. आत शिरतानाच ते गाडीवर घालून ठेवलं तर बाहेर आल्यावर आनंद होतो.

माप आणि नियम थोडक्यात. डिस्ने वर्ल्डमध्ये बाबागाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, म्हणजे ७९ बाय १३२ सेंटिमीटर, याहून मोठी चालत नाही. एका मुलाची साधी गाडी यात सहज बसते, जुळ्यांची शेजारी-शेजारी सीटवाली घेणाऱ्यांनी टेप लावावी. ओढायची वॅगन १ मे २०१९ पासून बंद आहे, तेव्हा फोटो बघून कुणी ती सुचवली तर ऐकू नका. मोनोरेल आणि फेरीबोटीत गाडी न मिटता जाते, बसचं वर सांगितलंच.

तिथंच भाड्यानं घेऊ का, असं जाऊ विचारत होती. मिळते. पण पार्कातली भाड्याची गाडी कडक प्लॅस्टिकची असते, पाठ मागं जात नाही, आणि ती त्या पार्काच्या दाराबाहेर नेता येत नाही. म्हणजे रात्री दारापासून बसपर्यंत चौदा किलो तुमच्याच खांद्यावर. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला एखाद्या दिवसापुरती ठीक. नाहीतर भावाला सांगून तिथल्या वॉलमार्टमधून साधी छत्रीसारखी मिटणारी घ्या. आम्ही तिसऱ्या दिवशी शेवटी तेच केलं, आणि ती अकरा किलोची राणी हॉटेलच्या खोलीत आरामात बसून राहिली. पण मग इथून मुंबईपर्यंत आणि मधल्या विमानतळावर काय करणार? मधला थांबा पाच तासांचा असला तर तिथंच गाडीची सगळ्यात जास्त गरज पडते. इथूनच नेलेली बरी.

मुंबईला कारनं जाणार असाल तर डिकी आधी उघडून बघा. सीएनजीची टाकी असेल तर दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी एकत्र बसत नाही, हे पहाटे तीनला कळू नये. विमानतळावर बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथं टॅग लावून घेतात. परत कुठं मिळणार, विमानाच्या दारात की शेवटी सामानाच्या पट्ट्यावर, हे तिथंच विचारा. एका विमानतळावर आम्ही दारात अर्धा तास वाट बघितली आणि गाडी आमच्या आधी पुढं गेली होती. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, सुटे भाग काढून बॅगेत टाका. आणि बाबागाडी आणि कारची सीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कारमध्ये चाइल्ड सीट कायद्यानंच लागते, मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. भावाला आत्ताच फोन करा.

निघायच्या आधी दोन आठवडे रोज संध्याकाळी गाडी रंकाळ्यावर फिरवा. सुरुवातीला पोरगं बसणार नाही, ओरडेल, लोक बघतील. भडंगाची वाटी हातात द्या, बसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गाडीतच डुलकी काढली की अर्धी तयारी झाली. ते भडंग तिकडंही न्या, पार्कात घरचं खाणं चालतं. काचेची बरणी चालत नाही, आणि उग्र वासाचं नको म्हणतात, त्यामुळं लसणीची चटणी खोलीवरच ठेवा. मामंजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. गाडीच्या हँडलला जड पिशव्या मात्र अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागं उलटी पडते, डबा-बाटलीसकट.

घरातून निघण्याआधी मुलाची उंचीही दाराला टेकवून मोजा. बार्नस्टॉर्मर नावाच्या छोट्या रोलर कोस्टरला ३५ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८. रांगेत तासभर उभं राहून पट्टीजवळ परत फिरायला नको. मूल उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच मागा: एकानं बाहेर गाडीपाशी थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग पहिल्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही.

राहिलं गाडी ओळखायचं. राइडच्या बाहेर बाबागाड्या एका ठरावीक जागी लावाव्या लागतात, आत रांगेत नेता येत नाहीत. अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर चप्पल स्टँड आठवा, नवरात्रातला. शेकडो गाड्या, निम्म्या काळ्या, आणि त्यात तिथले कर्मचारी जागा करायला म्हणून त्या सरकवतात, त्यामुळं ठेवली तिथं ती सापडतेच असं नाही. पैसे, पासपोर्ट, मोबाइल गाडीत ठेवायचा नाही. आणि खूण बांधायची. लोक रिबिनी बांधतात, फुगे बांधतात, नावाच्या पाट्या लावतात. सासूबाईंनी आमच्या गाडीला बेंदराला बैलाच्या शिंगाला बांधतात तसला लाल-पिवळा गोंडा बांधला होता. लांबून दिसायचा. दोन गोऱ्या बायकांनी फोटो काढले आणि हा कुठं मिळतो म्हणून विचारलं, तर सासूबाई मराठीतच म्हणाल्या, “कोल्हापूरला या, देते.” तोच गोंडा काल त्यांनी कपाटातून काढून जावेच्या बॅगेत टाकला, गाडी अजून घ्यायची आहे तरी.